नदीला दिलेली बाग

सकाळपासून बोहदानाचा पाय एका जागी ठरत नव्हता. ओल्शे नदीच्या चेक काठावरच्या गावाची ती सरपंच. पूर अडवणारी भिंत बांधू, असा शब्द देऊन निवडून आलेली. आणि आज भरसभेत अभियंत्यानं पुराचा नकाशा उलगडून सांगितलं होतं, "भिंत उभी राहिली की पाणी पलीकडच्या पोलिश गावात चढेल. युरोपचा कायदा आहे, शेजारी देश राजी नसेल तर आपला पूर त्याच्या दारात लोटायचा नाही. त्यापेक्षा गावाच्या वर नदीला पसरायला जागा द्या."

खानावळवाला क्विदो ताडकन उठला. "कायद्याचं निमित्त! बहीण पलीकडे दिलीय ना हिची!"

हशा पिकला. नकाशावर सगळ्यात गडद पट्ट्यात त्या बहिणीचं, यार्मिलाचंच घर होतं.

सभा संपताच ती पूल ओलांडून बहिणीकडे गेली. यार्मिला सारण भरायच्या पिरोगीसाठी पुऱ्या लाटत होती.

"भिंतीला तुमचं गाव हो म्हणेल का गं?"

"तू म्हटलं असतंस?" यार्मिलानं लाटणं आपटलं. "मागच्या पुरात आईला मी एकटीनं माळ्यावर ओढत नेलं. तू नुसती फोनवर रडत होतीस."

चहा तसाच टाकून बोहदाना उठली. गावाच्या वरची सखल जमीन तिचीच होती, वडिलांनी लावलेली आलुबुखाराची बाग. सभेत हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं गिळलं होतं.

पुढच्या सभेत ती एका दमात बोलून गेली. "भिंत नको. नदीकाठचा बांध मागे सरकवा, पाणी माझ्या बागेत पसरू दे."

"आणि आलुबुखारं बुडाली तर आम्ही दारू कशाची गाळायची?" क्विदो ओरडला.

"तुझ्या जिभेची गाळ. चांगली आंबलीय."

लोक हसले, हात वर झाले. ठराव जेमतेम तरला.

बांध मागे गेला आणि पुढच्याच शरदात पावसानं झोडपलं. बाग फांद्यांपर्यंत बुडाली. गावात तळघरं ओलावली, तेवढंच. यार्मिलाचा फोन आला, "पाणी अंगणात आहे, घरात नाही. आई जेवतेय."

मागे सरकवलेल्या बांधावर क्विदो भाकर घेऊन आला. "खाऊन घ्या, सरपंचबाई. वाचलो आपण."

बोहदानानं भाकर हातात घेतली, पण तोंडात घास घातला नाही. डोंगराकडे आभाळ अजून काळंच होतं. ती बांध तपासत पुन्हा वरच्या दिशेनं चालू लागली.