साउंड कार्डाची परीक्षा

नागपूरच्या मंडळानं गेल्या वर्षी सीडी परत पाठवली, तेव्हा देवयानीला दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. सासूबाईंची, म्हणजे मंदाकिनीबाईंची भुलाबाईची गाणी तिनं घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली होती. त्यात गाण्यापेक्षा घरघरच जास्त. मंडळ गावोगावच्या गाण्यांची सीडी काढत होतं. त्यांनी कळवलं, पुढच्या वर्षी पाठवा, रायपूरला एखादा स्टुडिओ असेल तर बघा. त्या 'असेल तर'नं तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं रायपूर राज्याची राजधानी झालं, तरी नागपूरकरांच्या लेखी ते बदलीचंच ठिकाण! यंदा सासूबाईंचा आवाज त्या सीडीत गेलाच पाहिजे, असं तिनं ठरवून टाकलं.

दोष कॉम्प्युटरमधल्या साउंड कार्डाचा आहे, एवढं तिच्या नवऱ्यानं, ऋषिकेशनं शोधून काढलं. तो मंत्रालयात कॉम्प्युटर सांभाळायचा, त्यामुळे या विषयात आपला शब्द शेवटचा, असं त्याला वाटायचं. त्याचा जीव पाच स्पीकरांच्या महागड्या कार्डावर जडला होता. देवयानी म्हणाली, आधी पारखून घेऊ. ती त्याला आणि सासूबाईंनाही घेऊन पंडरी बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली, सोबत एक बंद पितळी डबा.

भुलाबाईची गाणी झाली की डबा वाजवतात आणि आत खिरापत कसली, ते आवाजावरून ओळखायला लावतात. यात मंदाकिनीबाईंचा हात धरणारं अख्ख्या पुरानी बस्तीत कोणी नव्हतं. डब्यात काय आहे, हे देवयानीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाईंना तिनं दाराबाहेर उभं केलं, दुकानदाराला एकेक कार्ड लावायला सांगितलं आणि दर वेळी माइकसमोर डबा वाजवून रेकॉर्ड केला. मग सासूबाईंना आत बोलावून कानाला हेडफोन लावला.

महागडं कार्ड आधी. मंदाकिनीबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे तं कोणी रेती चाळून राहिलं."

मग त्याच्या निम्म्याहून कमी किमतीचं एक साधं कार्ड. ऋषिकेशनं तोंडच फिरवलं. मंदाकिनीबाईंनी डोळे मिटले.

"फुटाणे. अन् दोन-चार बत्तासे पण टाकले पोट्टीनं."

देवयानीनं झाकण उघडलं. फुटाणे, वर चार बत्तासे. दुकानदारानं हसत हसत मूठ भरून घेतली. ऋषिकेश काही वेळ खोकं वाचत बसला आणि शेवटी त्यानं कबूल केलं, की महागड्याचा सगळा खर्च आवाज बाहेर फेकण्यावर होता, आत घेण्यावर नाही. पाच तोंडं आणि कान बहिरा, असं ते कार्ड. साधं कार्ड घरी आलं.

कोजागिरीच्या आत पंखा बंद करून, खिडक्या लावून गाणी रेकॉर्ड झाली आणि सीडी नागपूरला गेली.

दिवाळीनंतर मंडळाचे यशवंतराव फोनवर आले. निवड झाली, पहिलं गाणं मंदाकिनीबाईंचंच. देवयानीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग यशवंतराव जरा घुटमळले. नागपूरच्या बायकांचं रेकॉर्डिंग काही जमेना. त्यांना रायपूरला आणलं, तर देवयानीच्या घरी होईल का?

आनंदानं तिला हसू आवरेना. फोनवर हात ठेवून तिनं सासूबाईंना विचारलं. मंदाकिनीबाईंनी आधी पदर नीट केला.

"येऊ दे त्यायले. पण सुरात या म्हणा. हे कार्ड सगळं ऐकते."