दुधाळ होईपर्यंत

आमच्या औषधाच्या कारखान्यात एक जुना नियम आहे. टाकीत स्फटिकांचं बी, म्हणजे तयार औषधाचे बारीक कण टाकले, की आतला द्रव दुधाळ होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. टाकीत ढवळणाऱ्या पंख्याचा आवाज नीट ऐकू यायला हवा, म्हणे. तो नियम माझ्या आणि ताईच्या पथ्यावर पडला. आई गेल्यापासून, एकाच टाकीवर काम करूनही, आम्ही बोलत नव्हतो, पण कुणाला पत्ताही लागला नाही.

आईच्या आजारात ताई रजा घेऊन गावी तिच्याजवळ राहिली. मी दोन दिवस जाऊन आले, तर मी निघताना ताई म्हणाली, "येऊन तरी काय केलंस?" मीही काही कमी नाही. तोंडाला कुलूपच लावलं.

आज मात्र ताईची इथली शेवटची टाकी. उद्या ती दुसऱ्या गावच्या कारखान्यात जाणार. आज बोललो नाही तर ते कायमचंच राहील, हे कळत होतं. पण आधी मी का म्हणून बोलू?

काचेतून आत बघितलं की माझं भान हरपतं. पंखा मंद फिरतो, द्रव मधून खाली जातो, कडेकडेने वर येतो आणि त्या संथ फेऱ्यात चकाकते कण तरंगत मोठे होतात. बघता बघता मीच आत तरंगायला लागले. कुठूनतरी आई हाक मारत होती.

एकदम आवाज बदलला. ताईच्या हातून नकळत पंख्याचा वेग वाढला होता आणि भरल्या डोळ्यांनी ती भिंतीकडे बघत होती. आत स्फटिक पात्यांवर आपटून फुटत होते.

"ताई, हळू! सगळ्याचं पीठ करतेस का?"

तिने दचकून वेग उतरवला.

"थोडी ऊब देऊ," ती म्हणाली. "चुरा विरघळेल. मग सावकाश थंड केलं की उरलेले मोठे होतील. वेळ लागेल पण."

"लागू दे की."

पंखा फिरत राहिला.

"तू आलीस आणि आई हसली," ताई म्हणाली. "मी महिनाभर तिचं सगळं केलं गं. माझ्याकडे बघून एकदाही हसली नाही."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी तिचा हात धरला.

"मी पाहुणी होते, ताई. पाहुण्यांसमोर हसावं लागतं. तुझ्यासमोर तिला त्याची गरज नव्हती."