काढून ठेवलेले चाक

मित्रांनो, जरा मान वर करा. खिडकीकडे नाही, शेगडीकडे नाही, छताकडे पाहा. साखळ्यांनी आडवे टांगलेले, हिरव्या फांद्यांनी मढवलेले आणि अंगावर मेणबत्त्या मिरवणारे जे काही दिसते आहे ना, ते मी. दूधगाडीचे जुने डावे चाक. चाकाने रस्ता सोडून स्वयंपाकघरात लोंबकळत राहावे, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पहिल्यांदा मलाही वाटले होते. पण माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस मी असे टांगलेल्या अवस्थेतच काढले आहेत. ते सुख एकदा कायमचे जाणार होते आणि त्यापायी एक आई आपल्या मुलाला अंतरणार होती. त्याचीच ही हकिकत.

माझा जन्म चाके बनवणाऱ्या एका सुताराच्या हातून झाला. माणूस भलताच तिरसट. आरे तासताना कोणी गप्पा मारायला आले, की उत्तर म्हणून तो हातोडा आपटायचा. माझे आरे नव्या लाकडाचे, बाहेरचा गोलही नवा. त्यावर लोखंडी पट्टा, म्हणजे धाव, लालभडक तापवून चढवली आणि वरून पाणी ओतले, तेव्हा तिने मला असे आवळले की माझे हाड न् हाड जागेवर बसले. ती मिठी अजून सैल झालेली नाही. मधला तुंबा मात्र, म्हणजे ज्यात सगळे आरे येऊन रुततात तो लाकडी गोळा, एका मोडक्या चाकातून काढलेला होता. "हे लाकूड इतक्यात मरत नाही," असे पुटपुटत सुताराने तो मला बसवला. त्यामुळे मी वरून नवे आणि पोटातून म्हातारे, असा प्रकार झाला.

हा तुंबा अतिशय बोलका. त्याच्या तोंडाभोवती कोणीतरी फार पूर्वी सूर्याचे किरण कोरून ठेवले होते. वंगणाच्या थरांखाली ते कोणाला दिसत नसत, पण तुंबा त्यांची आठवण करून दिल्याशिवाय राहत नसे. त्याचे म्हणणे असे, की या भागात चर्चची पहिली घंटाही वाजली नव्हती, तेव्हा ऐन हिवाळ्यात दिवस इतका आखूड व्हायचा की लोकांच्या काळजाचा ठोका चुकायचा. सूर्य रुसला, आता काही तो परत यायचा नाही, असे त्यांना वाटे. मग ते गाडीचे एक चाक काढून घरात टांगत, थंडीतही हिरव्या राहणाऱ्या फांद्या त्याला बांधत आणि वर दिवे लावत. सूर्याचे चाक अडले आहे, तर आपलेही थांबवू, तो निघाला की आपण निघू, असा त्यांचा साधा हिशेब. पुढे येशूचा धर्म आला. नाताळ त्याच काळोख्या दिवसांच्या शेवटी येऊन बसला. लोकांनी प्रार्थना बदलल्या, पण हातांची सवय काही जाईना. फांद्या त्याच राहिल्या, दिवे तेच राहिले, आता वाट पाहायची ती बाळ येशूची. यात खरे किती आणि तिखटमीठ किती, ते तुंब्यालाच ठाऊक. मी आपले ऐकून घेत असे.

मला ज्याने विकत घेतले तो दूधवाला म्हणजे पायाला भिंगरी लावलेला माणूस. पहाटे घोडी जुंपायची, घरोघरी दूध घालायचे, परत येऊन भांडी घासायची, की पुन्हा संध्याकाळची फेरी. त्याला दोन मुलगे होते, पण वर्षभर त्यांना बाप माहीत होता तो गाडीवर बसलेली एक पाठ म्हणून. पाऊस असो, ताप असो, तो थांबत नसे. "उद्यापासून जरा विश्रांती घेतो," असे तो रोज म्हणायचा, आणि त्याचा तो उद्या कधी उजाडायचा नाही.

नाताळच्या आधीचे काळोखे दिवस आले, की मात्र त्याची बायको अंगणात येऊन गाडीसमोर उभी राहायची. त्या घरात चाक काढायची रीत तिच्या सासऱ्यांच्याही आधीपासूनची होती. आसाच्या टोकाला मला धरून ठेवणारी जी खीळ असते, ती ती स्वतः उपटायची.

"अगं, मी काढतो ना. तेवढी आजची फेरी होऊ दे," दूधवाला म्हणायचा.

"खीळ मीच काढणार. तुमच्यावर सोडलं तर पुढचा नाताळ उजाडेल," ती म्हणायची.

मग गाडी एका बाजूला कलंडून बसायची, घोडी तबेल्यात पाय पसरायची आणि मला धुऊनपुसून स्वयंपाकघरात टांगले जायचे. दूध हवे त्याने आपले भांडे घेऊन यावे, असा शिरस्ता. सगळी गल्ली माझ्याखाली जमायची. शिंपी यायचा, शिक्षिका यायची, एरवी एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या जावा यायच्या आणि रांगेत उभ्या राहून नाइलाजाने बोलू लागायच्या. दूधवाला पहिल्या दिवशी पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझारा घालायचा. मग हळूहळू खाली बसायचा. थोरला त्याच्या पाठीवर लोंबकळायचा. धाकटा मांडीवर बसून, माझ्या मेणबत्त्यांच्या उजेडात, बापाच्या बोटाखालून एकेक अक्षर वाचायचा. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ रस्ते पाहिले, पण त्या मांडीइतके सुंदर ठिकाण मला कुठे दिसले नाही.

वर्षे गेली. घोडी गेली, मग दूधवालाही गेला. थोरल्याने धंदा हातात घेतला आणि मोटारव्हॅन आणली. गाडीचे लाकूड जळणात गेले. मला मात्र आईने, आता तिला आईच म्हणू या, बाजूला काढून ठेवले. घरात गाडीच नाही तर चाक काढायचे कशाचे? म्हणून तिने मला चर्चला देऊन टाकले. तिथे दर हिवाळ्यात मला उंच टांगत, फुलांनी सजवत, लोक माझे फोटो काढत. खोटे कशाला बोलू, मी चढून गेले होते. तुंबा अधूनमधून कुरकुरायचा, "अरे, तुला टांगलंय खरं, पण थांबलंय कोण?" मी त्याच्याकडे कानाडोळा करायचे.

खरे तर थांबले कोणीच नव्हते. नाताळ जवळ आला की साय आणि लोण्याची मागणी वाढायची आणि थोरल्याच्या नाकी नऊ यायचे. व्हॅन अंधारात निघायची आणि अंधारातच परतायची. त्याची लहान मुलगी बापाला हॉर्नच्या आवाजावरून ओळखायची.

धाकटा पाद्री झाला होता. फिरत फिरत त्याची नेमणूक शेवटी आपल्याच गावच्या चर्चमध्ये झाली. आईला आकाश ठेंगणे झाले. सगळे त्याला फादर म्हणायचे, ही एकटी त्याला भर चर्चमध्ये "अरे" अशी हाक मारायची. मुलगा मोठा सरळ आणि मनापासून काम करणारा. पहिल्याच हिवाळ्यात तो स्वतः शिडीवर चढून मला पुसायला आला. त्याने वंगणाचा थर खरवडला आणि खालून सूर्य वर आला.

त्याचा हात थांबला. मला त्याने झिडकारले नाही, पण त्याच्या कपाळावर आठी पडली. प्रार्थना संपल्यावर त्याने आईला थांबवून घेतले.

"आई, हे चाक मला इथे ठेवता येणार नाही."

"का रे? किडलं का?"

"किडलं नाही. त्याच्यावर सूर्य कोरलाय. हे आपलं नाही आई, आपल्या आधीच्या लोकांचं आहे. ते सूर्याला पुजायचे. लोक माझ्याकडे विश्वासाने येतात. मी त्यांच्या डोक्यावर हे कसं टांगू?"

"तुझ्या आज्याच्या घरात चाक टांगायचे. तो काय सूर्याला पुजत होता?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस?"

त्याने मान वर करून माझ्यावरच्या सूर्याकडे पाहिले. आईने डोक्यावरचा रुमाल नीट केला.

"बरं, फादर," ती म्हणाली.

त्या एका शब्दाने त्याचा चेहरा खर्रकन उतरला. पण ती वळून चालू लागली होती.

थोरल्याने मला व्हॅनमध्ये दुधाच्या क्रेटांशेजारी कोंबून घरी आणले आणि परसातल्या भिंतीला टेकवून ठेवले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. कालपर्यंत माझे फोटो निघत होते, आज काय निघत होते ते सांगायची सोय नाही. पण माझ्यापेक्षा वाईट दशा घरात होती. "नाताळला मी चर्चमध्ये जाणार नाही आणि त्यानंही इथं जेवायला यायची तसदी घेऊ नये," असे आईने सांगून टाकले होते. सुनेने समजावून पाहिले. आईने ऐकले नाही. मोरीतला नळ मोठा सोडून ती भांडी घासत राहायची, म्हणजे रडल्याचा आवाज बाहेर येऊ नये. मोरीची खिडकी परसात उघडत होती. मला सगळे ऐकू यायचे.

नाताळ अगदी तोंडावर आला, तेव्हा एका दुपारी धाकटा घरी आला. अंगणात व्हॅन उभी होती, इंजिन चालूच. त्याने आत हात घालून ते बंद केले आणि परसातून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. टेबलाशी थोरला बसला होता. पायांत बूट, हातात चमचा, आणि डोके ताटाच्या कडेला टेकलेले. तो गाढ झोपला होता.

"दादा रोज असाच जेवतो?" धाकट्याने हळूच विचारले.

"जेवतात कुठे?" सून म्हणाली. "आज ताटापर्यंत पोचले, हेच खूप झालं."

आई पाठमोरी होती. ती वळली नाही, पण तिला गप्प राहवले नाही.

"बापही तसाच होता. सांगून कधी थांबला नाही. म्हणून तर चाक काढायचे मी. सूर्यबिर्य मला काय कळतंय? चाकच नाही म्हटल्यावर माणूस जातो कुठे? घरात बसतो. तू वाचायला शिकलास ते कुणाच्या मांडीवर? वर्षातून तेवढेच दिवस तुम्हाला बाप मिळायचा."

बोलता बोलता ती वळली. झोपलेल्या थोरल्याकडे पाहत राहिली.

"आणि मी काय केलं बघ," ती अगदी हळू म्हणाली. "चाक नेऊन चर्चमध्ये टांगलं आणि याची गाडी चालू ठेवली."

धाकटा सरळ बाहेर गेला. मला वाटले, गेला बिचारा, आता तो पुन्हा या दारात पाऊल ठेवायचा नाही. पण त्याने झगा कमरेला खोचला, व्हॅनच्या मागून जॅक काढला आणि गुडघे टेकून बसला. नट गंजलेले होते. तो पान्यावर उभा राहून उड्या मारू लागला. शेजारची शिक्षिका खिडकीतून पाहत होती. फादर व्हॅनवर नाचतायत, ही बातमी तिने तेवढ्यात दोन घरांत पोचवली. शेवटी डावे पुढचे चाक निघाले. त्याने ते गडगडत स्वयंपाकघरात आणले आणि भिंतीला टेकवले.

आवाजाने थोरला जागा झाला.

"अरे ए फादरसाहेब! हे काय? माझी संध्याकाळची फेरी आहे!"

"लोक भांडी घेऊन येतील. मी सांगतो सगळ्यांना."

"वेड लागलं का तुला? दे इकडे चाक!"

"नाताळ झाला की देतो."

थोरल्याने आईकडे पाहिले. आई तोंडावर रुमालाचे टोक धरून हसत होती, की रडत होती, ते तिचे तिलाही सांगता आले नसते. मग तिने धाकट्याच्या काळ्या झालेल्या हातांकडे बोट केले.

"अरे, आधी हात धू ते. मग ताट घे," ती म्हणाली.

त्या "अरे"ने धाकट्याचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला.

त्याच संध्याकाळी त्याने कोंबड्यांना हाकलून मला आत आणले. सूर्याचे किरण न खरवडता, ओल्या फडक्याने पुसले. "हा सूर्यसुद्धा देवानंच केलाय. राहू दे," असे म्हणून त्याने मला जुन्या कड्यांना टांगले. चर्चमध्ये मी परत गेले नाही आणि मला त्याचे दुःखही नाही. व्हॅनचे चाक माझ्या खालीच बसलेले असते. त्याला रबराचा उग्र वास येतो आणि ते अजून फारसे बोलत नाही. तुंब्याला मात्र नवा श्रोता मिळाला आहे. गल्लीतले लोक डबे, बाटल्या, पातेली घेऊन येतात. थोरल्याने सुरुवातीला बापासारख्याच येरझारा घातल्या. मग तो झोपला. मग उठला आणि माझ्याखाली बसला. आत्ता या घटकेला त्याची मुलगी त्याच्या मांडीवर आहे आणि माझ्या मेणबत्त्या मोजते आहे. मोजताना चुकते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, आणि त्याला कुठे जायचे नाही.

मित्रांनो, मला तेल लावा, वाळवीपासून जपा, असे मी म्हणेन अशी तुमची अपेक्षा असेल. ते तर कराच. पण माझे मागणे वेगळे आहे. माझ्या पोटातला तुंबा कोणाचा, आरे कोणाचे, यावर तुम्ही हवा तेवढा वाद घाला. तो घालून झाला, की तुमच्या घरात जो कोणी कधीच थांबत नाही, त्याच्याकडे एकदा पाहा आणि काळोखे दिवस आले की त्याचे एक चाक काढून ठेवा. खीळ मात्र तुम्हीच उपटा. त्याच्यावर सोडलेत, तर तो उद्या काढतो म्हणेल.