डोळे काढणाऱ्या आक्का

आक्कांनी बाहुलीचा डावा डोळा पुरा केला, कुंचला वाटीच्या काठाला निपटला आणि मगच त्या उठल्या. जेवणाची सुट्टी केव्हाच झाली होती. खिडकीजवळच्या बाकावर बाहुल्यांचे ओठ रंगवणारी नवी बाई डब्याऐवजी एक जाडजूड चित्रवही उघडून बसली होती आणि कारखान्यातल्या साऱ्या जणी तिच्याभोवती मुंग्यांसारख्या जमल्या होत्या.

तिला सगळ्या चष्मेवाली म्हणत. फावल्या वेळात ती त्या वहीत काहीबाही काढायची. आज तिने ती पहिल्यांदाच सर्वांसमोर ठेवली होती. आक्का आल्या त्या जरा नाक मुरडतच, पण पानं उलटता उलटता रेंगाळल्या. वहीत सुरेख चित्रं होतीच, पण फसलेलीही तितकीच होती. पाट्यासारखी चपटी मांजर, पाण्याने फुगून फाटलेलं आकाश, आणि हत्तीची सोंड वाटावी असा मोरीतला नळ. एकही पान फाडलेलं नव्हतं.

"ही कशाला दाखवतेस गं?" आक्कांना राहवेना.

"नुसती चांगली दाखवली तर तुम्ही वा वा म्हणाल आणि वही मिटाल. ही बघून एखादीला वाटेल, एवढं तर मलाही येईल. पुढची कोरी पानं तुमचीच आहेत."

खोकी भरणारीने तिथल्या तिथे आपली चप्पल काढली, म्हणजे कागदावर. मग वही घरोघर फिरू लागली. कुणाची घोरणारी सासू आली, कुणाची गळकी बादली आली. आक्का हे सगळं बघत होत्या. आपलं लंगडं असं चारचौघांत मांडायला छाती लागते, हे त्यांना कळत होतं. स्वतः त्या बाहुलीचं बिघडलेलं डोकं कुणाच्या नजरेला पडायच्या आत टोपलीत टाकत आल्या होत्या.

"आक्का, आता तुमची पाळी," एक दिवस चष्मेवाली म्हणाली.

"मला नको बाई. मी आयुष्यभर फक्त डोळे काढलेत."

"फार आग्रह करू नकोस," खोकी भरणारी चष्मेवालीला म्हणाली, "नाहीतर तुझे खरंच काढतील!"

हशा पिकला आणि त्या हशात वही आक्कांच्या पिशवीत गेली.

रविवारी सकाळी त्यांचा नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसला होता. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, हातात काम असलं की बोलायचा नाही. आक्कांनी पेन्सिल घेतली. कान जमले, नाकही बरं आलं. डोळे तर हातानेच काढले, बघावंसुद्धा लागलं नाही.

मग त्यांनी वही दूर धरली. नवऱ्याच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावरून बाहुलीचे दोन टपोरे डोळे त्यांच्याकडे बघत होते. वर वळलेल्या पापण्या, बुबुळात पांढरा ठिपका. आक्का फिसकन हसल्या. पान फाडायला त्यांनी कोपरा चिमटीत धरला. मग सोडला, आणि पान उलटलं.

"अहो, जरा इकडे बघा."

"काय झालं?"

"काही नाही. नुसतं बघा."

त्याने बघितलं. आक्काही बघत राहिल्या. डाव्या डोळ्याची पापणी उजवीपेक्षा खाली उतरलेली होती. बुबुळांभोवती राखाडी कड धरली होती. आणि तो हसायला लागला की आधी उजवा डोळा हसायचा, डावा मागून यायचा.

"ही पापणी कधीपासून अशी आहे?"

"जन्मापासून. लग्नाच्या फोटोतही आहे की."

आक्कांनी पुन्हा पेन्सिल उचलली. एक रेघ ओढायची, वर बघायचं, पुसायची, पुन्हा वर बघायचं. कूकर लावायची वेळ टळून गेली. डावा डोळा थोडा मोठाच झाला, तरी चित्रातला माणूस त्यांचाच होता.

नवऱ्याने हात पुसून वही ओढली. दोन्ही पानं कितीतरी वेळ बघितली.

"इथे माझा डोळा सुजलाय," तो म्हणाला. मग पेन्सिलीचं टोक बोटाने चाचपून त्याने तिसरं पान उघडलं. "बस समोर."

"माझं काय काढायचंय आता?"

"बस तर."

आक्कांनी केस मागे सारले आणि बसल्या. तो इतका निरखून बघू लागला, की या वयातही त्या ओशाळल्या आणि मटारच्या दाण्यांशी चाळा करू लागल्या.

"मान वर कर," तो म्हणाला. "डोळे राहिलेत अजून."