दोघींचं अंगाईगीत

धाकटीला घरात सगळे धाकटी म्हणत, पण थोरली कुणी कधी पाहिली नव्हती. एखाद्या पाहुण्यानं सहज विचारलं, "आणि थोरली कुठे असते?" की आईला लगेच गॅसवरचं दूध आठवायचं. ती उठून आत जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. पाहुणा शहाणा असला तर विषय बदलायचा.

आता धाकटी एक्कावन्न वर्षांची होती आणि आई अठ्ठ्याहत्तरची. नवरा गेल्यावर धाकटी आईकडे परतली आणि दोन गल्ल्या सोडून असलेल्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. तिथे ती सगळ्यांची मावशी. नाकं पुसायची, बुटांचे बंद बांधायचे, सांडलेलं पाणी पुसायचं, आणि जेवणं झाली की मागच्या खोलीत बावीस गाद्या अंथरून बावीस मुलांना झोपवायचं. या शेवटच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. रडून आकाशपाताळ एक करणारं पोरही तिच्या मांडीवर पाच मिनिटांत मान टाकायचं.

त्या वर्षी इंग्रजी शिकवायला नवीन बाई आल्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस. चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर. पहिल्याच दिवशी त्यांनी धाकटीला हाताला धरून शेजारी बसवलं. "मावशी, मुलांबद्दल मला तुमच्याकडून शिकायचंय," म्हणाल्या. सोळा वर्षांच्या नोकरीत असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. धाकटी तिथेच विरघळली.

बालवाडीत येणारी मुलं निरनिराळ्या घरांतली. घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि आईबापांच्या मनात तिसरी, म्हणजे इंग्रजी. पोरगं तीन वर्षांचं झालं नाही तोच बाप विचारणार, "इंग्रजी कधी बोलणार हा?" बाईंची युक्ती वेगळीच होती. त्या पालकांना म्हणाल्या, "तुमच्या घरचं अंगाईगीत मला द्या. आधी मूल ते आपल्याच भाषेत ऐकेल. चाल ओळखीची, त्यामुळे भीती नाही. मग त्याच चालीवर मी इंग्रजी शब्द बसवीन. झोपताना ऐकलेलं मूल कधी विसरत नाही."

पालक आधी लाजले, मग एकेक करून आले. एका परिचारिकेनं आपल्या आजीचं गाणं आणलं. मालगाडी चालवणारा एक दांडगा बाप खुर्चीच्या टोकावर बसून, कान लाल करून, इतक्या नाजूक आवाजात गायला की मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारातच थांबल्या. आणि खोटं कशाला बोला, युक्ती लागू पडली. महिन्याभरात मुलं चंद्राला, मेंढीला, होडीला इंग्रजीत हाका मारू लागली. धाकटी बाईंचा उजवा हात झाली. दोघी एकाच बाकावर डबे उघडायच्या आणि भाजी एकमेकींच्या डब्यात वाढायच्या.

फक्त वेल्डरची मुलगी बोलत नव्हती. साडेतीन वर्षांची पोर, डोळे टपोरे, तोंडातून अक्षर नाही. घरात बोलते म्हणे. बालवाडीत दार ओलांडलं की ओठ शिवल्यासारखे. आणि झोपायचीही नाही. बाकीची एकवीस घोरायला लागली तरी ही छताकडे बघत पडलेली.

एका दुपारी सगळे उपाय थकले तेव्हा धाकटीनं तिला जवळ ओढलं आणि अगदी कानाशी, आईचं गाणं म्हटलं. ते तिनं घराबाहेर कधीच म्हटलं नव्हतं.

*नीज माझ्या चिमणे, वारा गेला घरी,*
*पानंसुद्धा झोपली झाडांच्या खांद्यावरी.*
*एक निजे कुशीत, एक निजे दूर,*
*दोघींनाही पुरतो माझा एकच सूर.*

पोरीनं मूठ उघडली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन धाकटीची बाही ओढली. मग रोजच ते सुरू झालं.

मागची खोली आणि वर्ग यांच्यामध्ये फक्त एक लाकडी पडदी होती. आठवड्याभरानं, गुरुवारी, डबा खाताना बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही त्या मुलीला काय म्हणता हो? मी पडदीपलीकडून ऐकते. असं गाणं मला एकही मिळालेलं नाही. द्याल?"

धाकटीचा घास हातातच राहिला. "ते नको बाई. ते देण्यातलं नाही."

"का बरं?"

बाईंचा हात तिच्या मनगटावर होता. आवाजात माया होती. आणि धाकटीनं, जे नवऱ्यालाही अर्धंच सांगितलं होतं, ते सगळं सांगून टाकलं. तिच्या आधी एक मुलगी होती. चार वर्षांची झाली आणि तापानं गेली. तेव्हा घर दुसऱ्या गावी होतं. जिथे तिला मातीत ठेवलं ते गाव वडिलांच्या नोकरीपायी वर्षाच्या आत सोडावं लागलं, आणि आईला परत कधी जाता आलं नाही. आईनं थोरलीबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. धाकटीलाही तिची बहीण गाण्याच्या शेवटच्या दोन ओळींतूनच कळली. सहा वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "दूर निजलेली कोण?" आईनं नाव सांगितलं, एकदाच, आणि म्हणाली, "हे गाणं दार लावून म्हणायचं."

सांगता सांगता धाकटीला रडू कोसळलं. बाईंनी आपला रुमाल दिला. त्यांचेही डोळे भरले होते.

"बाई, तुमचं काम चांगलं आहे. वाटलं तर वरच्या दोन ओळी घ्या. पण खालच्या नकोत. आणि हे कुणाला सांगू नका."

"नाही सांगणार. त्या दोन ओळींना हातही लावणार नाही. माझा शब्द."

धाकटीचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी पालकांना बोलावलं होतं. मुलं अंगाईगीतं म्हणून दाखवणार, बाईंनी केलेली गाण्यांची पुस्तिका वाटणार, शिक्षण खात्यातले कुणी साहेबही येणार. धाकटी आईला मुद्दाम घेऊन गेली. आपल्या लेकीला तिथे किती मान आहे, हे म्हातारीनं एकदा बघावं असं तिला वाटत होतं. आईनं ठेवणीतला कोट घातला. दोघी दुसऱ्या रांगेत बसल्या.

चार-पाच गाणी झाली. मालगाडीवाल्याचं गाणं झालं तेव्हा आई हसून म्हणाली, "गोड आहे गं." मग बाई पुढे आल्या आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"शेवटचं गाणं एका आईनं रचलंय," त्या म्हणाल्या. "तिची चार वर्षांची मुलगी तापानं गेली. परक्या गावात तिला मागे ठेवून यावं लागलं. धाकट्या मुलीला झोपवताना ती आई त्या दुसरीसाठीही गात राहिली. आपल्याच मदतनीस मावशींनी हे आपल्याला दिलंय."

पुढच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. कुणी हातरुमाल काढला. आईकडे बघायची धाकटीची छाती झाली नाही.

मुलं ओळीत उभी राहिली. चाल तीच, पण दुप्पट वेगानं, टाळ्यांच्या तालावर. वारा गेला, पानं गेली, आणि मग ती ओळ आली. "वन स्लीप्स निअर!" म्हणत बावीस मुलांनी स्वतःला घट्ट मिठी मारली. "वन स्लीप्स फार!" म्हणत बावीस मुलांनी हात लांब फेकले आणि जोरात उडी मारली. एकाचा बूट निघून साहेबांच्या पायाशी गेला. सभागृह हसलं. मुलांना हसू आवडलं, म्हणून त्यांनी पुन्हा उडी मारली. "फार! फार! फार!" आणि त्या ओळीत, पहिल्यांदाच तोंड उघडून, वेल्डरची मुलगी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती.

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारची बाई वाजवत होती म्हणून आईनंही टाळ्या वाजवल्या. दोन-तीनदाच. मग हात मांडीवर ठेवले.

घरी जाताना आई म्हणाली, "शाळेच्या भिंती छान रंगवल्यात." बस्स. जिन्याच्या चौथ्या पायरीवर कठड्याला धरून ती थांबली.

"तिचं नाव सांगितलंस?"

"नाही, आई. तुझी शपथ, नाव नाही सांगितलं."

"बरं," आई म्हणाली आणि चढू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "चहा झालाय." त्याच्यापुढे धाकटीचं खरं नाव होतं, जे फक्त शाळेच्या दाखल्यावर आणि बँकेच्या पासबुकात होतं. तिला क्षणभर कळलंच नाही की ही हाक आपल्याला आहे. आई पुन्हा तिला धाकटी म्हणाली नाही.

सोमवारी मुलं यायच्या आधी धाकटी वर्गात गेली. बाई कात्रीनं चित्रांची कार्डं कापत होत्या.

"बाई, तुम्ही शब्द दिला होता."

"मावशी, अहो, मी नाव कुठे घेतलं कुणाचं? आणि लोक किती हेलावले, पाहिलंत ना? साहेबांनी मला स्वतः बोलावून—"

"माझी आई होती तिथे."

बाईंची कात्री थांबली. "त्या... दुसऱ्या रांगेतल्या? पण त्यांनी तर टाळ्या वाजवल्या. मी बघितलं. म्हणजे त्यांनाही आवडलं."

धाकटीनं टेबलावरची पुस्तिका उचलली. चौदाव्या पानावर चारही ओळी होत्या, खाली इंग्रजी, आणि दोन बाहुल्यांचं चित्र. एक जवळ, एक टेकडीपलीकडे.

"हे छापायला कधी दिलं होतंत?"

बाईंनी पुढचं कार्ड उचललं.

"कधी, बाई?"

"तुमच्याशी बोलले त्याच्या दोन दिवस आधी," बाई कार्डांकडे बघत म्हणाल्या. "पडदीपलीकडून मी मोबाइलवर घेतलं होतं. मला वाटलं तुम्ही आनंदानं हो म्हणाल. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. तुम्ही रडायला लागलात. तेव्हा कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

"आणि शब्द दिलात."

"तुम्ही शांत व्हावं म्हणून दिला." बाईंचा आवाज चढला. "मावशी, ती ओळ काढली तर त्या गाण्यात शिकवण्यासारखं उरतं काय? वारा आणि पानं सगळ्याच अंगाईगीतांत असतात. निअर आणि फार इतकं स्वच्छ मला कुठे मिळणार होतं? ती मुलगी बोलली हो! पाच महिन्यांत पहिला शब्द! त्याचं काहीच नाही?"

तेच तर होतं. त्याचं काहीच नाही असं धाकटीला म्हणता येत नव्हतं. पोर बोलली होती, आणि ते तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं. केसानं गळा कापणाऱ्यानं निदान हसावं तरी. ही बया डोळ्यांत पाणी आणून विचारत होती. त्या रुमालाच्या दिवशीही पाणी खरंच असेल. तेच धाकटीला सगळ्यांत जास्त झोंबलं.

ती मोठ्या बाईंकडे गेली. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. "झालं ते बरं नाही झालं," म्हणाल्या. "पण पुस्तिका चाळीस शाळांत गेली हो. पुढच्या छपाईच्या वेळी बघू." ते 'बघू' कसं असतं हे सोळा वर्षांत धाकटीला पाठ झालं होतं. महिनाअखेरीस तिनं काम सोडलं. निरोपाच्या दिवशी बाईंनी दिलेली भेटवस्तू तिनं न उघडता बाकावर ठेवली. मुलांना मात्र शेवटपर्यंत झोपवलं. तोंडानं काही न म्हणता, नुसतं थोपटून.

इस्पितळाच्या कपडेखान्यात तिला जागा मिळाली. दिवसभर चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, मजल्यावार लावायच्या. एक दिवस बाजारात वेल्डरची बायको समोर आली. पोर तिच्या कडेवर होती आणि वाण्याच्या दुकानातल्या प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून तोंडाचा पट्टा चालवत होती.

"मावशी, तुम्हीच ना? काय पुण्य केलंत! आता गप्प बस म्हणावं लागतं हिला. ते गाणं तुम्ही शिकवलंत ना?"

"मी नाही. बाईंनी," धाकटी म्हणाली.

पोरीनं हात पुढे केले, पण धाकटीनं तिला घेतलं नाही. नुसता गालाला हात लावला आणि निघाली. पुढच्या वळणापर्यंत तिला स्वतःचाच राग आला. लेकराचा काय दोष? पण मागे फिरायला पाय उचलेनात.

घरी आईशी बोलणं तुटलं नव्हतं. भाजीचं, औषधांचं, पाण्याच्या टाकीचं सगळं व्हायचं. मधलं तेवढं कुणी काढत नव्हतं. शेवटी एका रविवारी, आईच्या पायांना तेल लावता लावता, धाकटीनंच काढलं.

"आई, तू मला बोल तरी. शिव्या दे. मी विश्वासानं सांगितलं गं तिला. मला काय माहीत ती अशी निघेल?"

"तू तिच्यावर विश्वास ठेवलास. मी तुझ्यावर ठेवला होता," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. हिशेब मिटवल्यासारखं बोलली. "रागावले नाही मी. तुझं वय झालं, माझं तर कधीच झालं, आता रागावून काय करायचंय? पण खरं सांगू? आंघोळीच्या वेळी मी ते मनात म्हणायचे. रोज. पन्नास वर्षांवर झाली. आता तिथवर आले की ती मुलं उड्या मारायला लागतात. मग पुढे जाताच येत नाही."

धाकटीनं तेलाची वाटी खाली ठेवली. तिच्याही बाबतीत तेच होत होतं, पण ते आईला सांगायचा आपल्याला हक्क उरलाय असं तिला वाटलं नाही. तिनं आईचा दुसरा पाय मांडीवर घेतला आणि चोळत राहिली.