जिन्याखालचा फोन

वाटाण्याएवढा, काळा, कोटाच्या कॉलरखाली चिमट्यानं अडकवलेला माइक मी. लग्नाच्या व्हिडिओत कौतुक कॅमेऱ्याचं होतं. मी दिसलोच तर चूक धरतात. लोकांची बोलणी पोटात साठवून माझा स्वभाव संशयी झालाय. तोंडावर "काय जोडा शोभतो!" म्हणणारा पाठ फिरवताच काय म्हणतो, ते मला विचारा.

माझी मालकीण ताई. स्टुडिओत तिचा धाकटा भाऊही असतो, पण दोघांचं पटत नाही. ताई कोपऱ्यात उभी राहून जे घडेल ते टिपते. भाऊला लग्न सिनेमासारखं हवं. तो माणसांना पुन्हा चालायला, पुन्हा रडायला लावतो आणि वरून संगीत ओततो. त्याच्या फिल्ममध्ये मी मुका. एक दिवस हा मला भंगारात काढणार, अशी धास्ती मला कायम असायची.

त्या दिवशी मी नवरीच्या वडिलांच्या कोटावर होतो. काका निवृत्त शिंपी. कोट स्वतःच शिवलेला. नटलेल्या लेकीला पहिल्यांदा बघण्याचा प्रसंग भाऊनं तीनदा करायला लावला.

"काका, दारातून या, थांबा, मग डोळे पुसा!"

काका भलतीकडेच बघत राहिले. "मुद्दाम करतायत," भाऊ पुटपुटला. मलाही तसंच वाटलं.

मग काका जिन्याखाली गेले आणि फोन कानाला गच्च दाबून चांगले ओरडून बोलले, "उद्या दहाला येतो. एकटाच. घरी कुणाला पत्ता लागता कामा नये!"

मी कान टवकारले. काहीतरी काळंबेरं होतं खास. निघताना लेक त्यांच्या गळ्यात पडली, कानाशी काही बोलली, त्यांनी मान डोलावली. ते शब्द माझ्यात उतरले खरे, पण माझं सगळं ध्यान त्या फोनपाशी अडकलेलं.

स्टुडिओत तो फोन ऐकून भाऊनं डोळा मिचकावला. "म्हातारबाबांचं लफडं दिसतंय."

"दुसऱ्याचं खाजगी बोलणं आहे," ताई म्हणाली. " पुसून टाक."

"का? जे घडलं ते ठेवायचं, हे तुझंच ना?"

तेव्हा मला ताईचाही संशय आला. कोपऱ्यात उभं राहून टिपणं आणि चोरून ऐकणं यात फरक तो किती? शेवटी तिनं स्वतःच तो फोन पुसला.

पंधरा दिवसांनी काका फिल्म बघायला आले. कानात नवंकोरं यंत्र.

"वर्षभर नीट ऐकूच येत नव्हतं," ते हसत म्हणाले. "लग्नाच्या गडबडीत घरच्यांना घोर नको, म्हणून लपवलं. दुसऱ्या दिवशी गुपचूप कानाच्या डॉक्टरांकडे गेलो."

भाऊची मान खाली गेली. मला मान असती, तर माझीही गेली असती.

भाऊची फिल्म सुरू झाली. लेक गळ्यात पडली आणि व्हायोलिनं वाजू लागली. काका पुढे सरकले.

"इथं ती काय म्हणाली? तेव्हापासून फोनवर तुटक बोलते. माझं काय चुकलं तेच कळेना."

भाऊनं आपल्या हातानं संगीत बंद केलं. ताईनं माझं रेकॉर्डिंग लावलं.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही ते मला माहितीये. जिन्याखाली केवढ्यानं ओरडत होतात! उद्या एकटे जाऊ नका. मी येते सोबत. थांबाल ना?"

पडद्यावरचे काका मान डोलावत होते. खुर्चीतले काका उठून उभे राहिले.

"आली असणार ती. आणि मी एकटाच निघून गेलेलो." त्यांनी घाईघाईनं फोन लावला. "अगं, त्या दिवशी मी नुसतीच मान हलवली. तू काय म्हणालीस ते आत्ता ऐकलं."

पलीकडून लेक काय बोलली, मला कळलं नाही. मी टेबलावर होतो. काका मात्र बराच वेळ ऐकत होते.

आता माझा चिमटा सैल झालाय, पण ताई मला टाकत नाही, आणि भाऊ हल्ली संगीत लावण्याआधी मला ऐकतो. तुमच्या कॉलरला कधी लागलो, तर एवढंच सांभाळून घ्या: मला ऐकू सगळं येतं, पण कळतं सगळंच असं नाही.