कालची सुई

तामंदानीने पोराच्या मनगटावर टिचक्या मारल्या, तेव्हा कुठे तिसऱ्या खेपेला शीर सापडली. चार वर्षांचा लिंबानी खाटेवर निपचित पडला होता. मधूनच त्याचे डोळे फिरत होते. हिवताप मेंदूत चढला होता.

“बाहेर कुठे दाखवलंत? सुई, औषध, काही?” तिने त्याच्या आईला विचारलं.

“नाही, सिस्टर.”

“नक्की?”

“सरळ इथेच आणलं.” एस्नार्टने कमरेला गुंडाळलेल्या कापडाची, चिटेंजेची, गाठ मुठीत आवळली.

रांगेत तिच्या पुढे एक बाई होती. तिने खाजगी दवाखान्याचं नाव काढताच तामंदानीने तिला सगळ्या वॉर्डासमोर फैलावर घेतलं होतं. “पैसे तिथे उधळायचे आणि मरायला सरकारी खाट शोधायची! आम्ही काय त्यांची घाण निस्तरायला बसलोय?” एस्नार्टने त्यातला शब्द न् शब्द ऐकला होता.

नवी औषधं राजधानीहून, लिलाँग्वेहून यायची होती, म्हणजे कधी ते देवच जाणे. तोवर जुनं क्विनाइन काय ते आधाराला. त्याचा पहिला डोस मोठा द्यावा लागतो, नाहीतर असलं पोर हातचं जातं. पण कुणी आदल्या दिवशीच क्विनाइन दिलेलं असेल आणि वर पुन्हा मोठा डोस गेला, तर काळीज बंद पडतं. तसं असेल तर छोट्या डोसावरच भागवायचं.

पलीकडच्या खाटेवरून डॉक्टर काचालेंनी मान न वळवताच सांगितलं, “मोठा लाव.” अख्ख्या वॉर्डाला ते एकटेच होते.

तामंदानीने सलाइन टांगलं, कुपी फोडली. सुईत औषध ओढणार तोच एस्नार्टने तिचा हात धरला.

“सिस्टर, मी खोटं बोलले. काल संध्याकाळी त्याला सुई दिलीय.” तिने गाठीतून घडी घातलेला कागद काढला. “तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही. पण त्या दवाखान्यात बजावलं होतं, लगेच दुसरी घ्यायची नाही म्हणून. मरेल का हो तो?”

कागदावर बाजारामागच्या खाजगी दवाखान्याचा शिक्का होता. क्विनाइन, पूर्ण डोस, संध्याकाळी सहा.

तामंदानीने तो शिक्का ओळखला. आठवड्यातून चार संध्याकाळी ती त्या दवाखान्यात जायची. सरकारी पगार रखडला की घरची चूल त्यावरच पेटायची. पडद्याआड बसून सुया भरायच्या, एवढंच तिचं काम. टोचायला मालक होता. काल एकच कुपी उरली होती आणि बाहेर सहा पोरं. “सगळ्यांना थेंब थेंब घाल. बाकी सलाइनचं पाणी,” मालक म्हणाला. तिने सहाही सुया भरल्या. काहीच नसण्यापेक्षा बरं, अशी मनाची समजूत घातली आणि घरी जाऊन जेवली.

“काय चाललंय?” काचाले आले. त्यांनी कागद तिच्या हातातून घेतला. “अगं, याला काल दिलंय की! छोटाच लाव. आणि काय हो बाई, खोटं बोलून स्वतःच्याच पोराचा जीव घेत होतात?”

एस्नार्ट तोंडात चिटेंजे कोंबून रडू लागली.

तामंदानी हातातल्या कुपीकडे बघत राहिली. छोटा डोस लावला की ती मोकळी होती. कागद होता, डॉक्टरांचा शब्द होता, आईची कबुली होती. उद्या पोर गेलं असतं तरी कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नसतं. हा हिशेब आपल्याला इतक्या पटकन जमला, याची तिला किळस आली.

“डॉक्टर, मोठाच द्यायला हवा.”

“डोकं फिरलंय का तुझं? कागद वाचलास ना?”

“तो खोटा आहे.”

“तुला काय माहीत?”

आजूबाजूच्या आयांनी माना वळवल्या.

“कालची सुई मी भरली होती,” तामंदानी म्हणाली. “त्यात औषध नावालाच होतं.”

एस्नार्टचं रडणं थांबलं. ती आता शिव्या घालेल, झिंज्या धरेल, असं तामंदानीला वाटलं. तसं झालं असतं तर सोसलं असतं.

एस्नार्ट खाटेला वळसा घालून तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

“भर आता,” ती म्हणाली. “माझ्यासमोर.”